मोटरहोम, मिडवेस्ट आणि पाणसळ : साडेपाच महिन्यांच्या वापरानंतर

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आयोवातील एम्स येथे एका जुन्या वर्गमित्राच्या दारात आमचे मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, लावून मी रात्री निर्धास्त झोपलो आणि सकाळी तिच्यातला फ्रिज उघडताच आंबट वासाचा भपकारा आला. आतल्या थर्मामीटरवर ५४ अंश फॅरनहाइट दिसत होते. अर्बानाला मलमलीच्या फडक्यात बांधून ठेवलेला चार पौंड चक्का, ज्याचे श्रीखंड त्याच दुपारी व्हायचे होते, तो गेला होता. "अहो, या फ्रिजपेक्षा माठ बरा," असे पत्नी म्हणाली, आणि तिच्याशी वाद घालण्यासारखे माझ्याकडे काहीही नव्हते. हा अनुभव मी तेव्हाच लिहिणार होतो. थांबलो ते बरे झाले, कारण त्या वेळचे माझे निम्मे म्हणणे पुढे चुकीचे ठरले.

गाडी जुनी घेतलेली, अठ्ठावीस फुटी, क्लास सी (चालकाच्या डोक्यावर पलंग असलेल्या) प्रकारची, फोर्ड ई-४५० च्या सांगाड्यावरची आणि व्ही-१० इंजिनाची आहे. मे ते ऑक्टोबर या काळात डेट्रॉइटच्या उपनगरातून निघून आम्ही दोन फेऱ्या केल्या. पहिली कोलंबस, वेस्ट लाफायेट, अर्बाना आणि एम्स अशी, तर दुसरी मिनेसोटातील रॉचेस्टर आणि मॅडिसन अशी. एकूण सुमारे २,९०० मैल झाले आणि गॅलनला साडेआठ मैलांप्रमाणे ३४० गॅलन पेट्रोल जळाले. हा आकडा पाहून मी दोन दिवस गप्प होतो. परतताना मिशिगन सरोवर बोटीने ओलांडण्याचा विचारही गाडीच्या लांबीवर भाडे आकारतात हे कळताच सोडून दिला आणि शिकागोला वळसा घालून आलो. या हिशेबात आमची सारी भिस्त एकाच गोष्टीवर होती, ती म्हणजे मित्राच्या ड्राइव्हवेवरील फुकटच्या मुक्कामावर.

नेमकी तिथेच माशी शिंकली. या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. गॅसच्या ज्योतीने किंवा विजेच्या कांडीने अमोनियाचे पाणी तापवतात, अमोनियाची वाफ वर चढते, मागच्या जाळीत थंड होऊन तिचा द्रव बनतो आणि तो हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा वाफ होताना आतली उष्णता शोषून घेतो. हे सारे पंपाशिवाय, केवळ उताराच्या जोरावर चालते. त्यामुळे गाडी तिरकी उभी राहिली की द्रव नळीत तुंबतो, खालचा बॉयलर कोरडा तापतो, गंज रोखण्यासाठी घातलेल्या क्षाराचे खडे होतात आणि नळी कायमची बुजते. चालत्या गाडीत हा प्रश्न येत नाही, कारण हिसक्यांनी द्रव हलता राहतो. उभ्या गाडीत मात्र फ्रिजच्या डाव्या-उजव्या बाजूला तीन अंश आणि पुढे-मागे सहा अंश, एवढीच सवलत आहे. माझा फ्रिज गाडीच्या बाजूच्या भिंतीत बसवलेला असल्यामुळे त्याची डावी-उजवी बाजू म्हणजे गाडीची लांबी, आणि कडक नियम नेमका तिलाच लागू होतो.

मिडवेस्ट, म्हणजे अमेरिकेचा उत्तर-मध्य भाग, तव्यासारखा सपाट आहे, असे आपण सगळेच म्हणतो. आयोवात शंभर मैल गाडी हाकली तरी मका, सोयाबीन आणि पवनचक्क्यांपलीकडे काही दिसत नाही. मात्र याच सपाट प्रदेशात पावसाचे पाणी घरात शिरू नये म्हणून प्रत्येक ड्राइव्हवेला रस्त्याकडे उतार दिलेला असतो, आणि तो किती असतो हे मोटरहोम घेईपर्यंत मला कळले नव्हते. अर्बानाचा मित्र स्थापत्य अभियंता आहे. वसतिगृहात असताना आम्ही त्याच्याच वहीवरून गृहपाठ उतरवत असू. त्याने पाणसळ (सपाटी पाहण्याची बुडबुड्याची पट्टी) आणि टेप आणून मोजमाप केले आणि वीस फुटांत दीड फूट, म्हणजे चार अंशांहून अधिक उतार असल्याचा निकाल दिला. "अरे, मागची चाके पाच इंच उचल, मग पास होशील," असे सांगून त्याने गॅरेजमधून दोन-बाय-दहा इंची फळ्या काढल्या. पासष्टीला टेकलेले दोघे जण गुडघ्यांवर बसून जोडचाकांखाली चार थर पायऱ्यांसारखे रचत आहेत आणि पत्नी आतून पाणसळीतला बुडबुडा पाहून "अजून थोडं... आता गेलं पलीकडे" असे ओरडत आहे, हा कार्यक्रम पुढे प्रत्येक मुक्कामी झाला. आल्यावर पहिला चहासुद्धा पाणसळीनंतरच मिळत असे.

एम्सला मात्र बुडबुडा बरोबर मध्यावर असूनही चक्का नासला, आणि तेव्हा माझा पारा चढला. गाडी जिथून घेतली त्या विक्रेत्याला फोन केला, तर नुसत्या तपासणीचे १८९ डॉलर आणि सहा आठवड्यांची प्रतीक्षा, असे उत्तर मिळाले. वाढीव हमीचे पैसे भरले होते त्याची आठवण करून दिल्यावर, गाडी समतल नव्हती ही वापरकर्त्याची चूक आहे आणि ती हमीत बसत नाही, असे मला शांतपणे ऐकवण्यात आले. मी फळ्यांची छायाचित्रे पाठवली, पण त्यांचे उत्तर आजतागायत आलेले नाही.

मार्ग एम्सच्या मित्रानेच सुचवला. अमेरिकेतील बहुतेक मोटरहोम ज्या एल्कहार्टच्या आसपास बनतात, त्याच उत्तर इंडियानात आधुनिक साधने टाळणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. घरात विजेची तार न घेणारे हे लोक गॅसवरचे असेच फ्रिज वर्षानुवर्षे वापरतात, त्यामुळे त्यांची नस त्यांना पक्की ठाऊक असते. परतीच्या वाटेवर तिथल्या एका छोट्या कारखान्यात थांबलो. दाढीवाल्या तरुण कारागिराने बाहेरची जाळी काढून आत हात घातला, फ्रिज आणि भिंत यांच्यात पूर्ण वीत मावते हे मला दाखवले आणि म्हणाला की ही फट इंचभरच हवी होती. गरम हवा जाळीला न भिडता मोकळ्या फटीतून वर निघून जात होती, त्यामुळे ९५ अंशांच्या उन्हात अमोनियाला थंड व्हायला वावच मिळत नव्हता. त्याने पत्रा वाकवून फट बुजवली, बारा व्होल्टचे दोन पंखे बसवले आणि १४० डॉलर घेतले. दुसऱ्या दिवशी आत ३७ अंश होते. म्हणजे दोन महिने मी मित्रांच्या ड्राइव्हवेंना जी दूषणे दिली ती बहुतांशी अकारण होती. असे असले तरी पाणसळ मी सोडलेली नाही, कारण नळी बुजली तर पत्रा आणि पंखे काही कामाचे नाहीत.

सप्टेंबरमधील दुसरी फेरी त्यामुळे निराळी झाली. सांडपाण्याच्या टाकीचा काटा रिकाम्या टाकीलाही दोन तृतीयांश भरलेली म्हणतो आणि चालकाच्या डोक्यावरच्या पलंगावर चढणे आता आमच्या वयाला झेपत नाही, परंतु या तक्रारी किरकोळ आहेत. मॅडिसनजवळ वसाहतीच्या समितीने दुसऱ्याच दिवशी दारावर हरकतीची चिठ्ठी लावली, म्हणून तिथला मुक्काम आवरता घेतला. रॉचेस्टरला मात्र चार रात्री राहिलो. पहाटे तीनला उठावे लागले तर आपलेच शौचालय चार पावलांवर असते आणि यजमानांना पाहुण्यांची खोली आवरावी लागत नाही, या सोयीची किंमत हॉटेलच्या बिलात मोजता येत नाही. तिथला मित्र रोज रात्री जेवण झाले की चपला घालून गाडीत येई, छोट्या टेबलाशी बसे आणि फ्रिज उघडून ताक मागे. तिसऱ्या रात्री त्याने स्वतःहून पाणसळ उचलली, बुडबुडा पाहिला आणि म्हणाला, "डावीकडे झुकतंय रे." मी झोपेतून उठून बाहेर गेलो तेव्हा एक फळी खरोखरच अर्धा इंच सरकलेली होती.

गेल्या रविवारी पाण्याच्या नळ्यांत गुलाबी अँटिफ्रीझ (थंडीत न गोठणारा द्रव) भरून गाडी हिवाळ्यासाठी बंद केली. फ्रिजचे दार मिटलेले राहिले तर आत बुरशी धरते, म्हणून त्यात एक लाकडी उलथने अडकवून ठेवले आहे. पत्नीने ते दोनदा परत मागितले आहे.