ओट्याशिवाय अकरा महिने : बँकॉकमध्ये रोज बाहेर जेवून आलेला अनुभव

२०२४ च्या मार्चमध्ये कंपनीने वर्षभरासाठी बँकॉकला पाठवलं. ऑन नुट स्टेशनजवळ एक खोली पसंत पडली. घरमालकिणीने एसी दाखवला, गीझर दाखवला, बाल्कनी दाखवली. मी विचारलं, ओटा कुठे आहे? तिने बाल्कनीतून खाली गल्लीकडे बोट दाखवलं. मला वाटलं गंमत करतेय. गंमत नव्हती. इथल्या एका खोलीच्या घरांत स्वयंपाकघर नसणं अगदी नेहमीचं आहे. खोलीत मायक्रोवेव्ह आणि पाणी तापवायची किटली, बास. शेगडी लावायला करारातच मनाई.

तेव्हापासून आज, जानेवारी संपत आला तरी, सकाळ-संध्याकाळ बाहेरच जेवतेय. सुट्टीवर आलेल्या माणसाने चार दिवस खाऊन लिहिलेलं आणि अकरा महिने पोट त्याच्यावर चालवून लिहिलेलं यात फरक पडतो, म्हणून हे लिहायला घेतलं. मी मूळची रत्नागिरीची. मासे, कोंबडी खाते. डुक्कर आणि गाय खात नाही. वाचताना एवढं लक्षात ठेवा.

आधी निकाल सांगते. या शहरात हॉटेल निवडायचं नसतं, पदार्थ निवडायचा असतो. चांगलं दुकान म्हणजे तीस वर्षं एकच गोष्ट करणारं दुकान. पहिले दोन महिने मी उलट वागले. एसी, इंग्रजी मेनू, प्रत्येक पदार्थाचा फोटो, दोनशे पदार्थ, नकाशावर साडेचार तारे असं बघून आत शिरायचे. तिथलं सगळं एकाच पातळीचं गोडमिट्ट. शिवाय मेनूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं असतात, ती मला छपाईची नक्षी वाटली होती. त्याचा अर्थ आधी दहा टक्के सेवा शुल्क आणि त्या बेरजेवर सात टक्के कर. शंभर बातची (बात हे इथलं चलन) डिश ११७.७० ला पडते. एका नदीकाठच्या सीफूडवाल्याकडे तर मी माशाची किंमत वाचली आणि खालची बारीक ओळ वाचली नाही. ती किंमत शंभर ग्रॅमची होती. मासा सव्वा किलोचा होता. रत्नागिरीच्या मुलीने मासा घेताना वजन विचारू नये, ही गोष्ट मी घरी अजून सांगितलेली नाही.

आता गल्लीच्या तोंडाशी असलेल्या टपरीबद्दल, कारण माझं निम्मं आयुष्य तिथे गेलं. अशा दुकानांना इथे ‘ताम सांग’ म्हणतात, म्हणजे सांगाल ते करून देणारे. चालवणारी बाई साठीची आहे. तिला ‘पा’ म्हणायचं, म्हणजे आईबाबांपेक्षा मोठी मावशी किंवा आत्या. थोड्या मोठ्या माणसाला ‘फी’, लहानाला ‘नोंग’. वेटरला चुटकी वाजवून बोलावणं इथे नाही. आपल्याकडच्या दादा-ताईसारखंच, नातं लावून हाक मारायची, म्हणजे काम लवकर होतं.

‘पा’च्या हातचा ‘फात कप्राव’ मी किती वेळा खाल्ला याचा हिशेब नाही. ती खलात लसूण आणि मिरच्या भरडच ठेचते. ही मिरची करंगळीच्या पेराएवढी. थाई नावाचा अर्थ उंदराच्या लेंडीची मिरची. कढई धूर येईपर्यंत तापली की तेल, त्यात तो ठेचा. त्या क्षणी रांगेतल्या सगळ्यांना एकदम ठसका लागतो, शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही. मग कोंबडीचा खिमा, काळसर सॉस, माशाचं खारं पाणी म्हणजे ‘नाम प्ला’, चिमूटभर साखर. शेवटी मूठभर पानं टाकून आच बंद. शेजारच्या कढईत खोल तेलात अंडं, कडा जाळीदार कुरकुरीत आणि बलक ओला. भातावर हे सगळं, साठ बात. अंडं सोडलं तर पन्नास. पण अंडं सोडू नका.

ती पानं म्हणजे तुळस. आपलीच, अंगणातली, त्याच जातीची. पहिल्या दिवशी घास घेतला आणि तोंडात कढईतल्या धुराबरोबर तीर्थाची चव आली. सरावायला आठवडा लागला.

बोलण्याच्या बाबतीत मराठी माणसाची एक सोय आहे, ती कुणीच सांगत नाही. थाईत कोंबडीला ‘काय’ म्हणतात आणि अंड्याला ‘खाय’. तिखटाला ‘फेत’, बदकाला ‘पेत’. माझ्या ऑफिसातल्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्याला हे फरक अकरा महिन्यांत ऐकू आलेले नाहीत. तो ‘तिखट नको’ सांगायला जातो आणि बाई त्याला विचारते, बदक कोणी दिलं? आपल्याला क आणि ख, प आणि फ हे पहिलीतच वेगळे शिकवलेत. फ मात्र ओठ मिटून म्हणायचा, फॅनमधला नाही. सूर चुकतात, ते चालवून घेतात. ‘माय साय’ म्हणजे घालू नका. त्यापुढे जे नको त्याचं नाव. डुक्कर असेल तर ‘मू’. एवढ्यावर निम्मं शहर खाता येतं.

निम्मंच, कारण मी एका गोष्टीत सपशेल फसले. व्हिक्टरी मॉन्युमेंटजवळ कालव्याकाठी ‘बोट नूडल्स’ची दुकानं आहेत. पूर्वी होडीत बसून विकायचे, म्हणून वाटी एवढीशी, दोन-तीन घासांची. लोक एकावर एक वाट्या रचतात, शेवटी वाट्या मोजून पैसे. मला तो गडद, दालचिनीचा वास असलेला रस्सा फार आवडायचा. मी नेहमी कोंबडीच्या नूडल्स मागायचे आणि खुशीत असायचे. तीन महिन्यांनी ऑफिसातल्या नोंगने हळूच सांगितलं की वर कोंबडी असली तरी रस्सा बहुतेक डुकराच्या हाडांचा असतो, आणि तो गडद रंग रक्ताचा. तर ज्यांना चालत नाही त्यांनी नूडल्सच्या बाबतीत मुस्लिम दुकानं शोधावीत, हिरवी पाटी आणि चंद्रकोर असते. तिथला ‘खाव मोक काय’ म्हणजे हळदीचा पिवळा भात आणि कोंबडी, बिर्याणीचा शांत स्वभावाचा चुलत भाऊ. मस्समन करीही तिथेच खावी. दालचिनी, वेलची, नारळाचं दूध, बटाटा. परदेशात कंटाळलेल्या जिभेला ही करी पहिल्याच घासाला ओळखीची वाटते.

सकाळचं म्हणाल तर ‘चोक’. तांदूळ फुटून एकजीव होईपर्यंत शिजवलेली पेज, वर आल्याच्या काड्या, कांद्याची पात, आत कच्चं फोडलेलं अंडं. तापात आजी द्यायची तीच, फक्त इथे लोक धडधाकट असताना खातात. ‘खाव कैंग’ म्हणजे भात आणि आधी करून ठेवलेल्या करींचे ट्रे. बोट दाखवायचं, दोन करी भातावर. यात एकच सूचना: अकराच्या आत जा. करी पहाटे शिजते आणि पुन्हा गरम करायची पद्धत नाही. दीड वाजता गेलात तर खोबऱ्याचं तेल वर तरंगतंय आणि ट्रेच्या तळाशी वांगी उरलीत.

प्रत्येक टेबलावर चार बरण्यांचा स्टँड असतो: साखर, तिखट, मिरच्यांचं व्हिनेगर, मिरच्यांचं नाम प्ला. नूडल्स आल्या की थाई माणूस चव न घेताच हात चालवतो. मला आधी हा स्वयंपाक्याचा अपमान वाटला. पण पदार्थ अर्धाच करून देतात, उरलेला तुम्ही करायचा, हे कळल्यावर तक्रारी कमी झाल्या. नूडल्सवर चमचाभर साखर मात्र मी अजून घालू शकत नाही.

पपईच्या सलाडसाठी, ‘सोम तम’साठी, ईसानी, म्हणजे ईशान्य थायलंडच्या, लोकांच्या दुकानात जा. मातीचा उखळ, लाकडी मुसळ, आणि मिरच्या किती ते आकड्यात सांगायचं. मी दोन सांगते. कच्च्या पपईचा कीस, चिंच, गूळ, शेंगदाणे आणि चक्क सुके सोडे! एका प्रकारात आंबवलेल्या माशाचं पाणी घालतात. त्या वासाने माझे पुण्याचे मित्र उठून गेले, मला पावसाळ्यातलं खारं, म्हणजे खारवलेले मासे, आठवलं. बरोबर बांबूच्या डबीत चिकट भात, तो हातानेच खायचा. बाकी जेवण उजव्या हातात चमचा आणि डाव्या हातात ढकलायला काटा.

ऑक्टोबरात आई आली. ऐन घटस्थापनेला, ३ तारखेला. ती नवरात्रात कांदा-लसूण खात नाही, त्यामुळे मी बॅगभर पोहे, मेतकूट मागवून ठेवलं होतं. आणि बाहेर बघते तर गल्लोगल्ली पिवळे झेंडे, त्यावर लाल अक्षर. चिनी वंशाच्या लोकांचा ‘किन चे’ उत्सव त्याच दिवशी सुरू झाला होता. नऊ दिवस मांस, अंडी, दूध बंद, कांदा-लसूणही बंद. बऱ्याच वर्षी हा आणि आपलं नवरात्र जोडीने येतात. याओवारातच्या चायनाटाउनमध्ये रस्ताभर पिवळ्या झेंड्यांच्या गाड्या, आणि आई आयुष्यात पहिल्यांदा परदेशात काहीही न विचारता खात सुटली. तळलेला तारो, शेंगदाण्याच्या चटणीतलं टोफू, केळफुलाची भजी. तिचा आक्षेप एकच होता. गव्हाच्या चिकापासून बदकाच्या आकाराचं काहीतरी केलेलं पाहून म्हणाली, “सोडलंय म्हणतात, आणि आकार बदकाचाच?”

‘पा’नेही त्या आठवड्यात झेंडा लावला होता. आईसाठी लसणाशिवाय टोफूचं कप्राव केलं. आईने पान उचललं, वास घेतला.

“अगं, ही तुळस.”

“हो.”

“एरवी हिच्यात काय घालतात?”

मी खरं सांगितलं. आई काही बोलली नाही, प्लेट मात्र पूर्ण संपवली. निघताना तिने खुणेने ‘पा’कडे एक काडी मागितली. ‘पा’ने जुडीच दिली, पैसे घेतले नाहीत. आईने त्यातली एक काडी ग्लासात पाणी घालून बाल्कनीत ठेवली आणि दहा दिवस तिच्यापुढे उदबत्ती लावली. बाकीची जुडी संध्याकाळी ‘पा’ला परत नेऊन दिली. वाया कशाला घालवायची, म्हणाली.

एरवीच्या दिवसांत शाकाहाऱ्यांनी ‘चे’ हाच शब्द वापरावा. ‘मांस नको’ म्हटलं की नाम प्ला येतंच. त्यांच्या लेखी ते मांस नाही, मीठ आहे.

मोठ्या हॉटेलांविषयी थोडक्यात. भारतीय शेफ गग्गन आनंदचं रेस्टॉरंट, तीन मिशेलिन ताऱ्यांचं ‘सोर्न’, गॉगल लावून निखाऱ्यांवर खेकड्याचं ऑम्लेट करणाऱ्या जाय फाय, ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. मी वाढदिवसाला एकदाच खर्च केला, तो मुंबईच्या शेफ गरिमा अरोरांच्या ‘गा’मध्ये. बिल माझ्या महिन्याभराच्या टपरीवरच्या जेवणाएवढं. तिथे कोवळ्या फणसाबरोबर रोटी आणि लोणची येतात. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी खाऊन वाढलेल्या माणसाला कुणी कुयरी इतक्या अदबीने वाढली की हसू येतं, पण चव खरंच जमलेली होती. पुन्हा जाईन का? दुसऱ्याच्या पैशाने, धावत.

पावसाळ्यात गल्ली तुंबली की पा येत नाही. तेव्हा असोक स्टेशनच्या टर्मिनल २१ मॉलमधलं पिअर २१ हे फूड कोर्ट कामी येतं. काउंटरवर कार्डात पैसे भरायचे, उरले तर परत. रस्त्याच्याच भावात बऱ्यापैकी जेवण आणि वर एसी.

आंब्याचं विचारणार असाल तर: एप्रिलमध्ये चिकट भातावर नारळाचं खारट-गोड दूध आणि ‘नाम दोक माय’ आंबा जरूर खा. नुसता आंबा हापूसपुढे उभा राहत नाही. त्या भाताबरोबर मात्र हापूस गोंधळ करेल, हेही कबूल करते.

करार फेब्रुवारीच्या मध्यावर संपतोय. पिअर २१ च्या कार्डात परवा भरलेले ८५ बात शिल्लक आहेत. आईला फोनवर कप्रावची कृती सांगितली, तर तिने विचारलं, मिरच्या किती? पा मोजत नाही, मूठ भरून टाकते. उद्या रांगेत पुढे उभं राहून मोजणार आहे, ठसका लागायच्या आत.