चढाई चालू असताना पकड : ‘फुटबॉल मॅनेजर २०२४’चे डावपेच

स्पोर्ट्‌स इंटरॅक्टिव्हने तयार केलेला आणि सेगाने ६ नोव्हेंबर २०२३ रोजी बाजारात आणलेला ‘फुटबॉल मॅनेजर २०२४’ हा फुटबॉल संघ चालवण्याचा संगणकीय खेळ मी गोरेगावच्या घरी, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, वर्षभर खेळतो आहे. खेळात मी मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा प्रशिक्षक आहे. अंधेरीच्या मैदानात जाऊन ज्या संघाचे सामने पाहिले, तोच हाती घ्यावा एवढाच त्यामागचा विचार. खेळाडूंची खरेदी-विक्री, करार, पत्रकार परिषदा यांवर पुष्कळ लिहिता येईल (पत्रकार परिषदा मी तिसऱ्याच आठवड्यात सहायकाच्या गळ्यात मारल्या), परंतु या खेळाचा कस डावपेचांच्या पडद्यावर लागतो, म्हणून हे परीक्षण तेवढ्यापुरतेच आहे.

‘मेंटॅलिटी’ म्हणजे संघाचा पवित्रा. ‘व्हेरी डिफेन्सिव्ह’पासून ‘व्हेरी अटॅकिंग’पर्यंत त्याच्या सात पायऱ्या आहेत. नवखा माणूस गोल खाऊ लागला की एक पायरी उतरतो आणि गोल होईनासे झाले की एक पायरी चढतो. माझाही पहिला हंगाम याच जिन्यावर गेला. पवित्रा बदलला की खेळाचा वेग, पासची लांबी, बचावफळीची जागा असे सगळेच थोडेथोडे सरकते, त्यामुळे काहीतरी केल्याचे समाधान मिळते आणि भगदाड मात्र जिथल्या तिथे राहते.

माझे भगदाड एका सामन्याने उघडे पाडले. ४-३-३ ची (चार बचावात, तीन मध्ये, तीन पुढे) रचना, दोन्ही फुल-बॅकांना (बचावफळीतल्या दोन कडांच्या खेळाडूंना) आणि मधल्या फळीतल्या दोघांना ‘अटॅक’चे, म्हणजे पुढे चढत राहण्याचे काम, ३-१ अशी आघाडी असताना शेवटच्या वीस मिनिटांत आम्ही तीन गोल खाल्ले, आणि तिन्ही एकाच साच्यातले. पुढचा सामना ठळक क्षणांवर न भागवता पूर्ण लावून पाहिला, तेव्हा कारण दिसले. चेंडू आमच्या पायात असताना मागे उरत होते फक्त दोन सेंटर-बॅक, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणारे दोघे, त्यांच्यापुढे मध्यरेषेपर्यंत मोकळे रान, आणि प्रतिस्पर्ध्यांचा विंगर (कडेने चढाई करणारा खेळाडू) नेमका आमच्या डाव्या फुल-बॅकने सोडलेल्या जागेत वाट पाहत उभा. कबड्डीत चढाई आणि पकड यांच्या पाळ्या ठरलेल्या असतात. फुटबॉलमध्ये चढाई चालू असतानाच पकडीची साखळी बांधून ठेवावी लागते. ‘फुटबॉल मॅनेजर’ ते समजावून सांगत बसत नाही, मार खाऊ देतो, आणि मला तरी ते आवडले.

पवित्रा ‘पॉझिटिव्ह’च (सातांपैकी किंचित आक्रमक पायरी) ठेवून मी फक्त कामांचे वाटप बदलले. उजवीकडे याच आवृत्तीत नव्याने आलेला ‘इन्व्हर्टेड फुल-बॅक’ नेमला. चेंडू आपल्याकडे आला की तो आत सरकून सेंटर-बॅकांशेजारी तिसरा होतो, आणि डावा फुल-बॅक निर्धास्तपणे वर जाऊ शकतो. त्या तिघांच्या पुढ्यात जागा न सोडणारा ‘अँकर’ बसवला आणि मधल्या दोघांपैकी एकाला ‘सपोर्ट’वर, म्हणजे कमी पुढे जाणाऱ्या कामावर आणले. किंमत मोजावी लागलीच : उजवा विंगर एकटा पडला, पाठीमागून धावत येणारे कोणी नसल्याने त्याच्यावर दोघे-दोघे चालून येऊ लागले, आणि शेवटी त्याला रेषा धरून खेळायला लावावे लागले. आमचे गोल थोडे घटले, खाल्लेले गोल मात्र निम्म्यावर आले.

उणीव एकच, पण मोठी. डावपेचांच्या पडद्यावर दिसणारी रचना ही मुख्यतः चेंडू नसतानाची असते. चेंडू असताना तिचे काय होते, हे भूमिकांची वर्णने वाचून ताडावे लागते. २०२५ ची आवृत्ती रद्द झाल्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या ‘फुटबॉल मॅनेजर २६’मध्ये या दोन्ही रचना वेगवेगळ्या आखता येतात, तेव्हा ज्यांना चित्र समोर हवे त्यांनी थेट तिकडे जावे. कोडे सोडवण्याची हौस असलेल्यांना २०२४ पुरून उरेल. माझे म्हणाल तर हा हंगाम याच आवृत्तीत संपवायचा आहे. आघाडीवर असताना पंचाहत्तराव्या मिनिटाला डाव्या फुल-बॅकला मागे बोलवावे की नाही, यावर माझे आणि लॅपटॉपमधल्या सहायकाचे अजून एकमत झालेले नाही.