प्रॉपेन्सिटी स्कोअर की इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल?

रुग्णांच्या जुन्या नोंदींवरून औषधाचा परिणाम काढायचाय, पण पद्धत ठरत नाही, असं एका संशोधक मैत्रिणीने विचारलं.

संख्याशास्त्रज्ञ रोझेनबॉम आणि रुबिन यांनी १९८३ मध्ये मांडलेला प्रॉपेन्सिटी स्कोअर, म्हणजे नोंदींवरून काढलेली रुग्णाला ते औषध मिळण्याची शक्यता, औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटांत नोंदवलेल्या घटकांपुरताच समतोल साधतो. वय, मधुमेह जुळतील. पण डॉक्टरांनी नुसत्या नजरेने ओळखलेला अशक्तपणा नोंदीत नसेल, तर तो निष्कर्षात डोकावणारच. इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल, म्हणजे औषध मिळण्यावर परिणाम करणारा पण रुग्णाच्या प्रकृतीशी संबंध नसलेला घटक (समजा डॉक्टरची औषधाबाबतची ठरलेली पसंती), ही अडचण ओलांडू शकतो. मात्र त्या पसंतीचा परिणाम फक्त औषधामार्फतच होतो, हे आकड्यांनी पूर्णपणे सिद्ध करता येत नाही. मला हीच अट सर्वांत अवघड वाटते. शिवाय रुग्णसंख्या मोठी लागते.

नोंदी सविस्तर असतील तर स्कोअर घ्या. महत्त्वाचे घटक निसटले असतील आणि भक्कम इन्स्ट्रुमेंट हाताशी असेल, तरच दुसरी पद्धत.