पहिली सिम्फनी कोणती ऐकावी: बेथोवन, ड्वोर्झाक की मोझार्ट?

पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकायला घेतला की बहुतेक जण बेथोवनच्या पाचव्या सिम्फनीकडे (सिम्फनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) जातात, कारण तिचे पहिले चार स्वर आधीच कानावर पडलेले असतात. आमचं मत वेगळं आहे. रागसंगीत, नाट्यपदं, भावगीतं यांवर वाढलेल्या कानाला आधी ड्वोर्झाक या चेक संगीतकाराची नववी सिम्फनी द्यावी.

आपल्याकडे गाणं एका गळ्यात राहतं. वाद्यवृंदात ते या वाद्याकडून त्या वाद्याकडे जातं आणि खाली इतर स्वर आपापल्या वाटेने चालू असतात. बेथोवनच्या पाचवीची पहिली मूव्हमेंट (म्हणजे सिम्फनीचा एक भाग), सात-आठ मिनिटांची, तर तीन आखूड आणि एक लांब, एवढ्याच चार स्वरांच्या तुकड्यातून उभी राहते. गुणगुणावी अशी चाल शोधत बसलं की दोन मिनिटांत धागा सुटतो. शिवाय दीड मिनिटाच्या आसपास सुरुवात पुन्हा पहिल्यापासून वाजते. मोबाइल अडकलेला नसतो, रचनेतच ती पुनरावृत्ती लिहिलेली आहे.

ड्वोर्झाकची नववी 1893 साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली. पूर्ण लांबी 40 ते 45 मिनिटं. एका बैठकीत संपवायची गरज नाही. थेट दुसऱ्या मूव्हमेंटपासून, म्हणजे ‘लार्गो’पासून सुरुवात करा. ती साधारण 12 मिनिटांची आहे. आधी पितळी वाद्यांचे संथ, जड स्वर येतात. मग तंतुवाद्यांच्या दबक्या आधारावर इंग्लिश हॉर्न (नावात हॉर्न असलं तरी हे लाकडी सुषिर वाद्य) एकटा गाऊ लागतो: ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. या ओळीत सा, रे, ग, प एवढेच स्वर आहेत, त्यामुळे भूप ऐकलेल्या माणसाला ती लगेच जवळची वाटते. पुढे निषादही येतो, तेव्हा तिला भूप समजून ऐकू नका. शेवटाकडे तीच चाल मोजके वादक वाजवतात आणि ओळ अर्ध्यावर सोडून थबकतात. ती शांतता लक्ष देऊन ऐका. या सिम्फनीतली ती सर्वांत सुंदर जागा आहे. लार्गो दोन-तीनदा ऐकून झाली की चौथी मूव्हमेंट लावा. आधीच्या चाली तिथे परत भेटतात आणि ओळखताही येतात.

वेळ कमी असेल तर मोझार्टची चाळिसावी, 1788 ची. अर्ध्या तासाच्या आसपास संपते. यात तुताऱ्या नाहीत, टिंपनी (मोठे नगारे) नाहीत, त्यामुळे व्हायोलिनं स्वच्छ ऐकू येतात. सलील चौधरींनी ‘छाया’ (1961) मधल्या ‘इतना ना मुझसे तू प्यार बढा’ला हिच्याच पहिल्या मूव्हमेंटची सुरुवात वापरली, म्हणून चाल शोधावी लागत नाही. मात्र गाण्याची सवय झालेला कान पुढचा विस्तार ‘अंतरा’ म्हणून ऐकायला जातो आणि तिथेच चुकतो.

मोबाइलच्या स्पीकरवर तिन्ही फसतात. चेलो आणि डबल बास ही खालच्या स्वरांची तंतुवाद्यं जवळजवळ गायब होतात. साधे वायरचे इअरफोनही पुरतात. आवाज मात्र संगीत जिथे सर्वांत मोठं वाजतं ती जागा ऐकून ठरवा. ड्वोर्झाकची सुरुवात फार हळू आहे म्हणून आवाज वाढवला, की थोड्याच वेळात टिंपनीसह सगळे कोसळतात आणि कान बधिर होतात. अ‍ॅपमधलं शफल (क्रम बदलून वाजवणं) आणि क्रॉसफेड (एक ट्रॅक पुढच्यात मिसळणं) बंद ठेवा.

सलग, मूळ क्रमाने ऐकण्याचं हे पथ्य बेथोवनच्या पाचवीला सर्वांत जास्त लागू आहे. तिसऱ्या मूव्हमेंटच्या शेवटी टिंपनी अगदी हळू ठोके देत राहते, आवाज चढत जातो आणि न थांबता चौथी सुरू होते. ट्रॉम्बोन ही पितळी वाद्यं या सिम्फनीत तिथेच पहिल्यांदा वाजतात. फुकट अ‍ॅपवर नेमकी त्या सांध्यात जाहिरात आली तर सगळी चढण वाया जाते. म्हणून ही सिम्फनी जाहिरातींशिवाय, सलग ऐका. शोधताना नुसतं ‘बेथोवन पाचवी’ लिहू नका, त्यात तुकडेच जास्त मिळतात. कार्लोस क्लायबर आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक असं कंडक्टर-वाद्यवृंदासह शोधा.