आफ्रिकाना फिलॉसॉफीची सीरीज: फुकट आहे, जरूर ऐका

फिलॉसॉफीचा इतिहास म्हटलं की सॉक्रेटिस, प्लेटो, मग उडी मारून देकार्त आणि कांट, आपल्याकडे बीए करणाऱ्यांनाही पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या पेपरात हेच येतं. 'हिस्टरी ऑफ फिलॉसॉफी विदाउट एनी गॅप्स' हा म्युनिकला शिकवणाऱ्या पीटर अ‍ॅडमसन यांचा पॉडकास्ट २०१० पासून चालू आहे, त्यात आधी भारतीय दर्शनांची सीरीज झाली आणि मग २०१८ ला आफ्रिकाना, म्हणजे आफ्रिकेतल्या आणि आफ्रिकेबाहेर पसरलेल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांच्या फिलॉसॉफीची, सीरीज सुरू झाली. ती त्यांनी एकट्याने केली नाही, कॅनडातले चिके जेफर्स सोबत आहेत, त्यांचा हाच अभ्यासाचा विषय, आणि तो फरक ऐकताना जाणवतो.

मला सगळ्यात आवडलं ते हे की नुसता गौरव नाहीये, भांडणंसुद्धा पूर्ण सांगितलीत. आता झेरा याकोबचंच घ्या. १७व्या शतकातला इथिओपियाचा माणूस, धर्मावरून छळ सुरू झाला म्हणून गुहेत जाऊन राहिला आणि तिथे बसून स्वतःच्या बुद्धीने देव, उपासतापास, गुलामगिरी, नवराबायकोचं नातं सगळं तपासून पाहिलं आणि ते ग्रंथात लिहून ठेवलं, असं मानतात. पण कोंती रोस्सीनी नावाच्या इटालियन पंडिताने १९२० मधे म्हटलं की हा ग्रंथ १९व्या शतकातल्या एका इटालियन मिशनऱ्यानेच लिहिलाय, आणि तो वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. वाद लपवला असता तर मला ती सीरीज प्रचार वाटली असती. तसंच बेनिनचे पॉलिन हुंतोंजी, ते म्हणायचे अख्ख्या जमातीची मिळून एक फिलॉसॉफी असते ही कल्पनाच चूक, माणसं एकेकटी विचार करतात आणि आपसात वाद घालतात. हे एका आफ्रिकन फिलॉसॉफरकडून ऐकलं की बेल्जियन मिशनरी टेंपल्सने १९४५ ला 'बांटू फिलॉसॉफी' लिहून, म्हणजे आफ्रिकेतल्या अख्ख्या बांटू लोकांची एकच फिलॉसॉफी असल्यासारखं मांडून, काय करून ठेवलं ते नीट कळतं.

आंतोन आमोचा भाग तर अजिबात चुकवू नका. आजच्या घानातल्या अक्सिमचा, लहानपणीच युरोपात नेलेला, १७३४ ला विटेनबर्गमधे मनाला संवेदना असते का यावर प्रबंध लिहिला आणि पुढे हाले आणि येनाला शिकवलं, म्हणजे कांट तेव्हा शाळकरी पोरगा होता! तरी जर्मन फिलॉसॉफीच्या इतिहासांत त्याचं नाव शोधावं लागतं याचा मला खरंच राग येतो.

पुढे अमेरिकेत गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस, अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस आणि वसाहतवादाविरुद्ध लिहिणारे फ्रांझ फॅनन येतात. ड्यू बॉइसना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी युनोकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या, त्यामुळे तो भाग आपल्यासाठी जास्तच जवळचा.

तक्रार एकच, एपिसोड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचे आणि बोलणं फास्ट, नावं कानाला नवीन, त्यामुळे सुरुवातीला स्पीड कमी करून ऐका. इजिप्तपासून ओळीने जायला वेळ नसेल तर सरळ झेरा याकोबपासून सुरू केलं तरी चालतं.