मोड भरायचा की ‘अज्ञात’ हा वेगळा वर्ग करायचा?

वर्गीय, म्हणजे आकड्यांऐवजी गट किंवा नावं असलेल्या, कॉलममधल्या रिकाम्या जागांसाठी रोजच्या कामात दोन पर्याय समोर येतात: सर्वाधिक वेळा आलेली किंमत, म्हणजे मोड, भरा किंवा ‘अज्ञात’ असा नवा वर्ग करा. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीतल्या सिंपलइम्प्यूटरमध्ये, म्हणजे रिकाम्या जागा भरणाऱ्या साधनात, दोन्ही एका ओळीत होतात, त्यामुळे सोयीवरून निवड होत नाही.

कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळावरचा टायटॅनिक जहाजाच्या प्रवाशांचा ८९१ ओळींचा डेटा घ्या; त्यावरून कोण वाचलं याचं भाकीत करायचं असतं. ‘एम्बार्क्ड’ या, प्रवासी कोणत्या बंदरात चढला ते सांगणाऱ्या, कॉलममध्ये फक्त २ जागा रिकाम्या आहेत आणि ६४४ प्रवासी साउदॅम्प्टनला चढलेले. इथे मोड खुशाल भरा. दोन ओळींसाठी वन-हॉटचा (प्रत्येक वर्गाला ०/१ चा वेगळा कॉलम देण्याच्या पद्धतीचा) एक कॉलम वाढवण्यात अर्थ नाही.

‘केबिन’ची गोष्ट वेगळी. तिथे ६८७ जागा रिकाम्या आहेत. थेट मोड भरला, तर चार-चार वेळा आलेल्या तीन किमतींतून इम्प्यूटर वर्णक्रमाने पहिली उचलतो आणि ते सगळे ६८७ जण ‘बी९६ बी९८’मध्ये जाऊन बसतात. केबिन क्रमांकातलं फक्त पहिलं, म्हणजे डेकचं, अक्षर घेतलं तरी सुटका नाही; तिथे मोड ‘सी’ येतो. सी डेकच्या ५९ ज्ञात प्रवाशांपैकी ३५ वाचले, म्हणजे ५९ टक्के. मोड भरल्यावर तोच डेक ७४६ जणांचा होतो आणि प्रमाण ३२ टक्क्यांवर येतं. खरा सी कोणता, भरलेला कोणता, हे नंतर मॉडेलला कळायला मार्गच उरत नाही. मला मोड नकोसा होतो तो एवढ्याचसाठी. शिवाय केबिन माहीत असलेल्या २०४ जणांत १७६ पहिल्या वर्गाचे आणि १३६ वाचलेले. माहीत नसलेल्यांत वाचले जेमतेम ३० टक्के. जागा रिकामी असणं हीच इथे माहिती आहे, आणि ‘अज्ञात’ ती जपतो.

अर्थात त्यालाही पथ्यं आहेत. पांडाज या पायथनच्या डेटा-लायब्ररीत कॉलम ‘कॅटेगरी’ प्रकारचा (ठरावीक वर्गच स्वीकारणारा) असेल तर आधी ॲड_कॅटेगरीजने वर्ग जोडा, नाहीतर एरर येते. डेकचं अक्षर आधी काढा, मग भरा. अक्षर काढण्याआधी कॉलम स्ट्रिंगमध्ये (मजकुरात) बदललात तर ‘नॅन’चा, म्हणजे रिकाम्या जागेच्या खुणेचा, ‘एन’ हा नवाच डेक गुपचूप तयार होऊ शकतो. पुढच्या डेटात जागा रिकाम्या राहण्याचं कारण बदलणार असेल, तर ‘अज्ञात’वर फार विसंबू नये. आणि मॉडेलमधल्या गुणांकांचा (कोणत्या घटकाचा किती परिणाम, याच्या आकड्यांचा) अर्थ लावायचा असेल, तर ‘अज्ञात’ वर्गामुळे ते एका बाजूला झुकू शकतात. तिथे आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं माइस हे रिकाम्या जागा अनेकदा अंदाजाने भरणारं पॅकेज, वर्गीय कॉलमसाठीच्या पॉलीरेग पद्धतीने, बहुधा जास्त योग्य. निव्वळ भाकितासाठी मात्र, रिकाम्या जागा मूठभर नसतील तर, मी ‘अज्ञात’च निवडेन.