कोब्यावर परमनंट मार्कर लागला: स्पिरिट, रिमूव्हर, थिनर की ॲसिड?

तूर-सोयाबीनचे कट्टे मार्केटात न्यायच्या आधी रिकामा कट्टा सपरीत अंथरून त्यावर मार्करनं नाव टाकलं की शाई विणीतून खाली झिरपते आणि घोटलेल्या कोब्यावर तेच नाव बारीक ठिपक्या-ठिपक्यांत उमटतं. लेकरांच्या हातात मार्कर पडला तर मग विचारूच नका. आणि डाग पडला की ज्याला विचारावं तो वेगळंच सांगते, कोणी म्हणते थिनर मार, कोणी म्हणते ॲसिड टाक, म्हणून सगळं एका जागी लिहून टाकतो.

आधी फरशी ओळखा, बाकीचं नंतर. डागाच्या बाजूला पाण्याचे दोन-चार थेंब टाका. थेंब तसाच गोल उभा राहिला तर वरून सीलर (छिद्रं बुजवणारा पारदर्शक लेप), इपॉक्सी (प्लॅस्टिकसारखा कडक लेप) नाहीतर वॅक्सचा थर आहे, म्हणजे शाई बहुतेक थरावरच बसली आहे आणि काम सोपं आहे. पाणी पिऊन जागा काळपट झाली तर कोबा उघडा आहे, सिमेंटला बारीक छिद्रं असतात, शाई आत गेलेली असणार. मार्करच्या शाईत रंग आणि तो धरून ठेवणारं रेझिन असतं, अल्कोहोलसारख्या द्रावणात विरघळवलेलं. द्रावण उडून गेलं की रंग चिकटून राहतो आणि पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे निरमा लावून कितीही घासा, हात दुखतील फक्त.

माझं मत विचाराल तर दोन्ही फरशांवर सुरुवात स्पिरिटनंच करा. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट किंवा घरात पडलेलं अल्कोहोलवालं सॅनिटायझर, शाई विरघळते आणि सीलरला सहसा धक्का लागत नाही, तरी आधी कोपऱ्यात लावून पाहाच. जेलवालं सॅनिटायझर तर अजून बरं, घट्ट असल्यामुळे लगेच उडत नाही. मात्र ओतायचं नाही! ओतलं की शाई पसरते आणि उघड्या कोब्यात अजून खोल जाते. पांढरा सुती कपडा ओला करा, डागावर अर्धा मिनिट दाबून धरा, उचला, कपड्यावर निळा-काळा ठसा आलेला दिसेल, मग कपड्याची कोरी बाजू घ्या आणि परत दाबा, डागाच्या कडेकडून मधात येत जा. मधातून बाहेर पुसलं की छोट्या डागाचा मोठा डाग होते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जाते, भरदुपारी स्पिरिट कपड्यावरच उडून जाईल, हे काम सकाळी थंड वेळेला करा.

नेलपेंट रिमूव्हर, म्हणजे ॲसिटोनवालं, स्पिरिटपेक्षा जोरदार आहे, उघड्या कोब्यावर ते चांगलं काम करते. पण ॲक्रेलिक सीलर असला तर शाईबरोबर सीलरही मऊ होऊन निघतो आणि तिथं फिकट चट्टा राहतो, जो डागापेक्षा जास्त दिसतो. हार्डवेअरमधल्या थिनरचंही तेच, वरून वास डोक्यात जातो. इपॉक्सीवर दोन्ही थोडा वेळ चालून जातात, पण भिजवून ठेवू नका. आणि ही सगळी पेट घेणारी वस्तू आहे, स्पिरिटसकट. चूल, गॅस, देवाजवळचा दिवा, बिडी सगळं बंद, दारं-खिडक्या उघड्या, लेकरं बाहेर. गाडीतलं पेट्रोल काढून घासणारे पण आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, घरात हे करू नका.

ॲसिड तर नकोच. ते शाईला नाही, सिमेंटला खाते. फेस येतो म्हणून वाटते डाग निघून राहिला, प्रत्यक्षात घोटाई जाते, जागा खरखरीत होते आणि शाई तिथंच. लाल कोब्यावर तर रंगाचीही वाट लागते. लिंबू-व्हिनेगरही ॲसिडच, हळू खातात एवढंच. ब्लीचनं काही शाया फिक्या होतात, पण ते ॲसिडमध्ये, स्पिरिटमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी वायू-रसायनं तयार होतात.

टूथपेस्ट आणि खायचा सोडा म्हणजे हलकी घासाई. सीलवाल्या फरशीवर पुसट राहिलेली रेघ निघते, पण जास्त घासलं की चमक मरते.

उघड्या कोब्यात खोल गेलेल्या डागाला, म्हणजे त्या कट्ट्याच्या ठिपक्यांना, खरा उपाय लेप. खडूची पूड किंवा टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून चटणीएवढं घट्ट करायचं, डागावर बोटभर जाड थापायचं, वरून प्लॅस्टिक टाकून कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या. रात्रभर ठेवा, सकाळी प्लॅस्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या, कारण वाळतानाच शाई वर पावडरीत ओढली जाते. मग लाकडी पट्टीनं खरवडा. एकदा लावून फिकं झालं, पुरतं गेलं नाही, तर परत लावा. वेळ खाते, पण कोब्याला ओरखडा येत नाही.

पॉलिश पेपर शेवटी, आणि तोही उघड्या कोब्यावरच, बारीक नंबरचा, पाणी लावून हलक्या हातानं. जागा थोडी वेगळी दिसेल, वाळल्यावर वॅक्स पॉलिश मारून आजूबाजूला मिळवून घ्या. इपॉक्सीवर पेपर लावायच्या भानगडीत पडू नका, तिथं राहिलेला डाग काढायला वरचा थरच नव्यानं मारावा लागते, ते काम मारणाऱ्यालाच करू द्या.